बेळगावातला एक रविवार आणि त्यानंतरची बावन्न वर्षे



लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो माणूस काम सुरू करण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करतो. पाया घातला आणि पैसे संपले, तर येणारे-जाणारे हसतील हे त्याला ठाऊक आहे. त्याच अध्यायात, या दाखल्याच्या थोडे आधी, आईबाप, बायकोमुले, भाऊबहिणी आणि स्वतःचा जीव यांच्याविषयीचे ते कठीण वचन आहे, जे वाचताना उपासनेत नेहमीच थोडी चुळबुळ होते.

हा उतारा निघाला की आपल्या व्यासपीठांवरून बहुधा एकच नाव ऐकू येते, डीट्रिख बॉनहोफर. शिष्यत्वाच्या किमतीवरचे त्यांचे पुस्तक १९३७ साली जर्मनीत निघाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फाशी दिली. या देवमाणसाविषयी आम्हाला आदरच आहे. पण आमच्या मंडळीत आम्ही एक गोष्ट पाहतो. बॉनहोफरचे नाव घेतले की ऐकणारा मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडतो. किंमत मोजायची तर समोर हिटलर हवा, तुरुंग हवा, फास हवा. आपल्याकडे कुठे आहे तसले काही! उपदेश संपतो, शेवटचे गीत होते, आणि आपण बाहेर येऊन चपला शोधू लागतो.

म्हणून आज आम्ही जर्मनीत न जाता बेळगावातच थांबणार आहोत.

बाबा पदमनजी यांचे नाव आपल्या भागातल्या पुष्कळ विश्वासी जनांना माहीत असते, पण ते स्पर्धा परीक्षेतल्या एका प्रश्नापुरते. मराठीतील पहिली कादंबरी कोणती? 'यमुनापर्यटन'. लेखक कोण? बाबा पदमनजी. साल? १८५७. एवढे पाठ असते. हा माणूस बेळगावात जन्मला आणि बेळगावातच त्याचा बाप्तिस्मा झाला, हे मात्र आम्ही विचारले तेव्हा बेळगावच्याच तरुणसंघात फार थोड्यांना ठाऊक होते.

त्या काळचे बेळगाव डोळ्यांसमोर आणायला हवे. १८१८ साली जनरल मन्रो यांच्या फौजेने किल्ला घेतला आणि पेशवाईचा अंमल संपला. पाठोपाठ छावणी बसली. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर येथे आले, आणि पुढे काही वर्षांनी विल्यम बेनन येऊन त्यांना मिळाले. बेननसाहेबांचे नाव आजही बेनन-स्मिथ हायस्कूलच्या नावात आहे. त्या शाळेसमोरून आपण रोज जातो. लंडन मिशनने १९०४ च्या सुमारास हे सगळे काम मेथॉडिस्ट मिशनकडे सोपवले, म्हणून आज आपल्याला ते मेथॉडिस्टांचे वाटते. मूळ त्याच्याही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे मागचे आहे. गावात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदत होत्या. छावणीत तमिळ, तेलुगू, इंग्रजी. एकाच मिशनला दोन-तीन भाषांत उपासना चालवाव्या लागत. सीमेचा वाद तेव्हा नव्हता, पण भाषांची ही सरमिसळ तेव्हापासूनची आहे.

अशा बेळगावात मे १८३१ मध्ये एका कासार घरात बाबांचा जन्म झाला. पूर्ण नाव बाबा पदमनजी मुळे. व्रतवैकल्ये, पोथ्या, सणवार यांत ते वाढले, लहानपणी त्यांत मनापासून रमलेही. मग मिशनची शाळा, आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबई. तिथे फ्री चर्चच्या शाळेत मरे मिचेल यांच्यासारखे गुरू भेटले. हा सारा प्रवास बाबांनी स्वतःच 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. मराठीत छापून आलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि मिचेलसाहेबांनी पुढे त्याचे इंग्रजी रूपही जगापुढे आणले.

पण त्या पिढीच्या मुलांपुढे शिष्यत्वाचा खर्च किती होता हे समजायचे तर बाबांच्या आधी दुसऱ्या एका मुलाकडे पाहावे लागते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, साधारण बारा वर्षांचा, मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. बाप्तिस्मा त्याने घेतलेला नव्हता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. कोणालाही वाटेल की प्रकरण येथे संपले. पण खरी अडचण तिथूनच सुरू झाली. हा मुलगा ख्रिस्ती घरात जेवला आहे. त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांसारखे पंडित प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणाले, सनातनी मंडळी नाही म्हणाली, आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. एका पोराने कोणाच्या ताटात खाल्ले, एवढ्यावरून.

बाबा त्या वेळी त्याच वयाचे होते. त्या काळात मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईबापांना ही गोष्ट माहीत असणार.

जातीबाहेर पडणे म्हणजे काय, हे आज शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना शब्दाने कळते, अंगाने कळत नाही. पाणवठा बंद. न्हावी येत नाही, परीट येत नाही. बहिणीचे लग्न मोडते, कारण तिच्या भावाने धर्म सोडला. घरात कोणी गेले तर खांद्याला चार माणसे मिळत नाहीत. आणि वडिलोपार्जित मिळकत? जात गेली की वारसाहक्कही जाई. हे शेवटचे मात्र १८५० साली बदलले. त्या वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने असे ठरवले की धर्म सोडल्यामुळे किंवा जातीतून काढले गेल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही. १८५० हे साल वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

म्हणजे बाबा तरुण झाले तोवर सरकारने खर्चाच्या यादीतली एक रक्कम खोडली होती. बाकीच्या तशाच होत्या.

आता मुंबईतल्या त्या गुप्त सभेविषयी. आम्हाला या साऱ्या चरित्रात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग यांच्या विचारांतून ती उभी राहिली, रामचंद्र बाळकृष्ण हे तिचे अध्यक्ष होते. शिकलेले, विचारी, सुधारणावादी तरुण तिच्यात होते. देव एक आहे, मूर्तिपूजा नको, जातिभेद खोटा आहे, विधवांना पुन्हा लग्न करता यावे, असे त्यांचे मत. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे आणि कनिष्ठ मानलेल्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी प्यावे लागे. त्या काळी हे लहान धाडस नव्हते. बाबाही काही काळ या सभेत होते.

पण सभा गुप्त होती. दार लावून पाव खायचा आणि सकाळी घरी जाऊन सोवळे नेसायचे. जातिभेद खोटा आहे हे मान्य, पण तो खोटा आहे हे मोठ्या आवाजात म्हणायचे नाही, निदान आज नाही. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटल्याची वार्ता पसरली, आणि ज्या सभेने एवढे धाडसी विचार मांडले होते ती घाबरून विस्कटली.

आम्ही त्या तरुणांना हसत नाही. त्यांतून पुढे मोठी माणसे निघाली, आणि त्या विचारांचे बी वाया गेले नाही. त्यांना भीती वाटत होती ती खऱ्या गोष्टींची, वर सांगितलेल्या पाणवठ्याची आणि बहिणीच्या लग्नाची. पण बाबांच्या बाबतीत फरक पडला तो नेमका येथे. मताने पाहिले तर परमहंस सभेतला तरुण आणि ख्रिस्ताकडे वळलेला तरुण यांच्यांत फार अंतर नव्हते. एक देव दोघांना मान्य, जात दोघांना नको. अंतर होते ते दार लावण्या-उघडण्याचे.

पवित्र शास्त्रात निकदेमाची गोष्ट याच अंगाने वाचता येते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो. सातव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या बैठकीत तो प्रभूच्या बाजूने एक सावध प्रश्न विचारतो, एवढेच. एकोणिसाव्या अध्यायात मात्र अरिमथाईकर योसेफाबरोबर तो उघड्यावर येतो, गंधरस आणि अगरू घेऊन, आणि तेही प्रभू मरण पावल्यावर, जेव्हा त्याच्या बाजूने उभे राहण्यात कसलाच फायदा उरलेला नव्हता. योहान आपल्याला निकदेमाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगत नाही. तो एवढेच दाखवतो की रात्री आलेल्या माणसाला उजेडात यायला बराच वेळ लागला, आणि प्रभूने त्याला तेवढा वेळ दिला.

बाबांनाही वेळ लागला. ख्रिस्ताविषयी मनात खात्री होऊनही माणूस उंबरठ्यावर किती दिवस उभा राहतो, हे 'अरुणोदय' वाचणाऱ्याला पानोपानी जाणवते. शेवटी रविवार, ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

आणि तो मुंबईत झाला नाही. तो बेळगावात झाला.

यावर फार लिहिले गेलेले आमच्या पाहण्यात नाही, पण आम्हा बेळगावकरांना तेच महत्त्वाचे वाटते. मुंबई मोठी. तिथे फ्री चर्चची मंडळी होती, नारायण शेषाद्रींसारखे आधी आलेले भाऊ होते, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की कोणी कोणाला ओळखत नाही. बेळगाव त्या वेळी लहान. कासार आळीतल्या प्रत्येक भट्टीवर त्या मुलाला ओळखणारे कोणीतरी असणारच. आपल्या भागात आजही अशी म्हण्यासारखी स्थिती आहे की निपाणीच्या बाजारात शिंकले तर संकेश्वरला कळते. ज्या गावात आपल्याला मामा, काका, मावशी म्हणणारे राहतात त्या गावात पाण्यात उतरणे ही वेगळीच गोष्ट आहे. परदेशी जाऊन किंवा मोठ्या शहरात जाऊन विश्वास पत्करलेल्या कोणाचीही साक्ष आम्ही कमी लेखत नाही. पण आपल्या मंडळ्यांतल्या बहुतेकांची साक्ष गावातली आहे, आणि गावातल्या साक्षीला बाबांचा तो रविवार जवळचा आहे.

आता लूकच्या त्या कठीण वचनाकडे. आईबाप, बायको, मुले. बाप्तिस्म्याची किंमत बाप्तिस्मा घेणारा एकटा देत नाही, आणि आमच्या मते आपल्या उपदेशांत ही गोष्ट पुरेशी येत नाही. आपण धर्मवीराची गोष्ट सांगतो आणि त्याच्या मागे राहिलेल्या आईला विसरतो. तिने काहीच निवडलेले नसते. तिचा मुलगा एका रविवारी सकाळी घराबाहेर पडतो आणि त्या दिवसापासून तिच्या पंगतीतली पाने कमी होतात.

पत्नीचा प्रश्न तर इतका बिकट होता की सरकारला त्यावर १८६६ साली कायदा करावा लागला. कोणी ख्रिस्ती झाले आणि त्या कारणाने नवरा किंवा बायको सहा महिन्यांहून अधिक काळ त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या जोडीदाराने कोर्टात अर्ज करावा. कोर्टाने दुसऱ्या जोडीदाराला समक्ष विचारावे. नकार आला तरी लगेच निकाल न देता वर्षभर थांबावे. आणि वर्षानंतरही नकारच राहिला तर लग्न मोडल्याचे जाहीर करावे. त्या एका वर्षाच्या तरतुदीत केवढे दुःख साठले आहे! घरातली माणसे त्या बाईला काय सांगत असतील, तिचे मन रात्री कुठे जात असेल, हे कायद्यात लिहिलेले नसते.

सुदैवाने मराठीत एका बाईने ते लिहिले आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढची चार-साडेचार वर्षे त्या दोघांची ताटातूट होती. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात; पण त्या चार वर्षांची पाने हसत वाचता येत नाहीत. टिळकांची भक्तिगीते आपण दर रविवारी गातो. त्या गीतांची किंमत कोणी दिली हे विचारले, तर अर्धे उत्तर लक्ष्मीबाईंकडे जाते.

म्हणून त्या वचनाचा अर्थ आम्हाला असा लागतो. प्रभू आईबापांचा तिरस्कार शिकवत नाही. वधस्तंभावरून त्याने आपल्या आईची सोय शिष्याच्या घरी लावली. तो एवढेच सांगतो की या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याने त्या आईबापांकडे आधी नीट पाहावे. हिशोबात तेही आहेत. त्यांना न मोजता जो बुरूज बांधायला घेतो, त्याला खर्च कळलेलाच नाही.

बाप्तिस्म्यानंतर बाबांनी काय केले? वाचकांना चमत्काराची, तुरुंगाची, दगडफेकीची गोष्ट हवी असेल तर त्यांची निराशा होईल. बाबा मेजापाशी बसले आणि लिहू लागले.

तीन वर्षांत 'यमुनापर्यटन' आले. आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायदा झाला म्हणून विधवेचे केशवपन थांबत नाही, हे बाबांनी पाहिले होते. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी त्यांना विधवांची दशा दिसते. विशेष म्हणजे हे नवरा-बायको दोघेही मनाने ख्रिस्ताकडे वळलेले आहेत, पण उघडपणे नाहीत. बाबांनी आपल्या नायकालाही उंबरठ्यावरच उभे केले! मग विनायकराव अपघातात जातो, आणि जिने इतरांचे दुःख पाहिले ती यमुना स्वतः विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्नही करते. कादंबरी म्हणून समीक्षक तिच्यात दोष काढतात, आणि ते खरेही आहेत. जागोजागी गोष्ट थांबते आणि प्रवचन सुरू होते. पण १८५७ साली, जेव्हा सगळ्या देशाचे लक्ष बंडाकडे होते, तेव्हा बेळगावच्या एका कासाराच्या मुलाने मराठीतली पहिली कादंबरी विधवांसाठी खर्च केली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

१८६० साली 'शब्दरत्नावली' हा समानार्थी शब्दांचा कोश. १८६३ साली मोल्सवर्थसाहेबांच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती. १८६७ साली पुण्याच्या फ्री चर्चमध्ये पाळकपदाची दीक्षा, काही वर्षे पाळकाचे काम, मग मुंबईला बायबल आणि ट्रॅक्ट सोसायटीचे संपादनकाम. 'सत्यदीपिका', 'कुटुंबमित्र', 'ज्ञानोदय' अशा पत्रांशी संबंध. नव्या करारावर टीका. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक पुस्तके. प्रुफे तपासणे, शब्द लावणे, पुस्तिकेचा मजकूर चार पानांत बसवणे. यांतल्या पुष्कळशा पुस्तिका आज कोणी वाचत नाही.

आणि सगळेच वाचावे असेही आम्ही म्हणणार नाही. जुन्या धर्मावर बाबांनी काही ठिकाणी फार कडक लिहिले आहे. त्या काळी दोन्ही बाजूंनी तशीच भाषा चाले. वादविवादाच्या सभा भरत आणि टोपी उडवणे हा त्यातला भागच असे. पण आपले शेजारी, आपले मित्र, कित्येकांचे सख्खे भाऊ त्या धर्मात आहेत. त्या भाषेचा वारसा आपण घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबांचा घ्यायचा तो हात, जो कोशातला एकेक शब्द तपासत राहिला.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी ते प्रभूमध्ये निजले. बाप्तिस्म्याला बावन्न वर्षे व्हायला पाच दिवस कमी होते. आम्ही हा हिशोब मुद्दाम मांडला. रविवार एक होता. सोमवार ते शनिवार मिळून बावन्न वर्षे होती. लूकच्या नवव्या अध्यायात प्रभूने आपला वधस्तंभ उचलण्याविषयी सांगताना 'दररोज' हा शब्द घातला आहे, आणि मत्तय व मार्क यांच्या त्याच वचनात तो नाही. लूकला दमाच्या माणसांची जास्त काळजी असावी.

आता १८५० सालाकडे परत येऊ, कारण त्याचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

बाबा, नारायण शेषाद्री, टिळक ही सगळी वरच्या किंवा मधल्या जातींतली, शिकलेली माणसे. त्यांना गमावण्यासारखे जे होते त्यातली मिळकत १८५० च्या कायद्याने वाचवली. पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीच्या बाजूच्या आपल्या मंडळ्या मुख्यतः कोणाच्या आहेत? ज्यांना मिळकतच नव्हती त्यांच्या. महारवाडा, मांगवाडा, समगार गल्ली. ज्यांच्या आज्यांनी तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढले त्यांच्या. पाणवठा त्यांना ख्रिस्ती झाल्यावर बंद झाला नाही, तो आधीच बंद होता. याच निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली होती. तिथे जमलेले आणि आपल्या मंडळ्यांत आलेले लोक हे एकाच वाड्यातले, कित्येकदा एकाच घरातले.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५० साली, अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याप्रमाणे हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नव्हता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. कर्नाटकात मागासवर्गीय म्हणून काही सवलती मिळतात, पण राखीव मतदारसंघ नाही, अनुसूचित जातीच्या जागा नाहीत, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नाही. एका कायद्याने म्हटले होते की धर्म बदलल्याने काही जाणार नाही. दुसऱ्या आदेशाने, आणि तोही सर्वांत गरीब माणसाला, म्हटले की जाईल. गाव मात्र त्याला तोच समजते जो त्याचा आजा होता. विहिरीवर कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही.

२३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळाच्या दोन दिवस आधी, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक मंजूर केले. अधिवेशन बेळगावात होते, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात. त्या संध्याकाळी आपल्या कितीतरी घरांत करंज्या तळल्या जात होत्या आणि टीव्हीवर ती बातमी चालू होती. राजकारणात आम्हाला जायचे नाही. पण बाप्तिस्मा ही उघडपणे करायची गोष्ट आहे आणि उघडपणाला किंमत पडते, हे बाबांच्या वेळचे सत्य याच शहरात पुन्हा समोर आले.

घरभेटींना गेलो की आम्हाला दोन नावांची घरे भेटतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि मंडळीत दुसरे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटात पवित्र शास्त्र. मुलगी हुशार आहे, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगला गेली आहे, आणि बाप्तिस्म्याचे विचारले की आई जमिनीकडे पाहते. अशा घरांविषयी मंडळीतल्या सुखवस्तू माणसांना फार कडक बोलताना आम्ही ऐकले आहे. लपून विश्वास ठेवणारे, दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे, असे. बोलणाऱ्याच्या आजोबांना मिशनने शाळेत मास्तर केले होते आणि त्यांच्या दाखल्यावर धर्म ख्रिस्ती लिहायला काहीच अडचण पडली नव्हती.

आम्ही असे म्हणत नाही की लपवणे चांगले. परमहंस सभेची गोष्ट आम्ही उगीच सांगितली नाही. लावलेल्या दारामागे विश्वास फार दिवस टिकत नाही. पण त्या आईचा हिशोब आणि १८५४ सालच्या बाबांचा हिशोब एकाच मापाने मोजता येत नाही. बाबांच्या मागे शिक्षण होते, इंग्रजी होते, बाप्तिस्म्यानंतर मिशनचे काम होते, मेज होते, पगार होता. पोराच्या शिष्यवृत्तीवर घर चालणाऱ्या बाईला आपण उजेडात ये म्हणतो, तेव्हा तिच्या पुढच्या सहामाहीची फी कोण भरणार हे विचारणे मंडळीचे काम आहे. पहिल्या मंडळीने असेच केले होते. प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात लोक एकमेकांच्या गरजेसाठी जमिनी आणि घरे विकतात. तिथे शिष्यत्वाची किंमत वर्गणीने भरली गेली.

आणि प्रभूच्या दाखल्यातला तो बुरूज बांधणारा खाली बसून हिशोब करतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणीच का बसलेले नाही, हा प्रश्न आम्हाला अलीकडे सारखा पडतो.

म्हणून गेल्या वर्षापासून आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वर्गाला एक बैठक जास्तीची घेतो. पाळकसाहेब असतात, दोन वडीलमंडळी असतात, महिला मंडळाच्या एक ताई असतात, आणि ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा आहे तो आपल्या घरच्यांना घेऊन येतो, विश्वासात नसलेल्यांनाही. मधे एक वही ठेवतो. तीत दोन रकाने आहेत. डाव्या बाजूला घरच्यांनी सांगितलेले लिहायचे: दाखला, शिष्यवृत्ती, धाकटीची सोयरीक, भावकीतली जत्रा, आजीचे शेवटचे कार्य कोण करणार. उजवा रकाना मंडळीने भरायचा. पहिल्या बैठकीला डावा रकाना दीड पान झाला होता, आणि उजव्यात आम्ही फक्त फीचे आणि आजीचे लिहू शकलो. त्या कुटुंबाने आणखी सहा महिने थांबायचे ठरवले. त्यांचा मोठा मुलगा दर रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो. वही ऑफिसात पाळकसाहेबांच्या टेबलाच्या खणात आहे, आणि त्या घराच्या पानावर पावसाळ्यानंतर उजव्या बाजूला आणखी तीन ओळी चढल्या आहेत.